घरी ओतलेल्या खाऱ्या पाण्याच्या जिगसाठी गळ कोणता निवडावा?

नेरूळ_जिग यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी नेरूळला राहतो आणि गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी दिवाळ्याच्या बाजूला किंवा उरणकडे रॉड घेऊन जातो. खाडीच्या तळाशी असलेल्या दगडांत आणि फाटक्या जाळ्यांच्या तुकड्यांत विकतचे जिग (शिशाचे डोके ओतलेले गळ, ज्यांवर रबराचा मासा चढवतात) इतके अडकून तुटतात, की या वर्षी मी गोल डोक्याचे जिग ओतण्यासाठी ॲल्युमिनिअमचा साचा घेतला. त्यात १४, २१ आणि २८ ग्रॅमची डोकी निघतात. साच्याला डोळ्याजवळ, म्हणजे दोरी बांधायच्या भोकाजवळ, ९० अंशांत वाकलेली दांडी असलेले गळ लागतात, परंतु तसे गळ मला जवळपासच्या दुकानांत मिळाले नाहीत. म्हणून मी पांढऱ्या मुलाम्याचे, सरळ दांडीचे, ४/० मापाचे पोलादी गळ आणले, ते वाकवून साच्यात बसवले आणि चोवीस जिग ओतले.

ओतकाम सुबक झाले, पण गळांनी दगा दिला. भरती उलटण्याच्या वेळी दिवाळ्याच्या खाडीत एक मोठा जिताडा लागला. त्याने एकदा पाण्याबाहेर उसळी घेतली, डोके झटकले आणि दोरी सैल पडली. जिग हातात आल्यावर पाहतो तर गळाचा वाक पूर्ण उघडून तो खिळ्यासारखा सरळ झालेला. पुढच्याच आठवड्यात दगडात अडकलेला दुसरा जिग मी बेताच्या जोराने ओढला, तर तो न वाकता वाकापाशी काडीसारखा तुटला. एकाच पाकिटातला एक गळ मेणासारखा आणि दुसरा काचेसारखा कसा, याचा उलगडा मला होत नाही. शिवाय उरलेल्या जिगांवर दांडी शिशातून जिथे बाहेर येते, नेमक्या त्याच जागी दोन महिन्यांत गंजाचे कडे धरले आहे.

माझा रॉड मध्यम ताकदीचा आहे आणि दोरी २० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली (ब्रेड) आहे. गळ कोणत्या धातूचा, किती जाड तारेचा आणि कोणत्या मुलाम्याचा घ्यावा? उकळत्या शिशाने गळ खराब होतो का? स्टेनलेस स्टीलचा घेतला तर हे सगळे प्रश्न मिटतील का? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

दिवाळे_कोळीवाडा यांचे उत्तर

दादा, तुमचा जिताडा गेला याचे वाईट वाटले. धातूबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसे आहेत, म्हणून मी माप आणि कोन एवढ्यावरच बोलतो.

आमच्या घरी गळाला गरी म्हणतात आणि गरी नेहमी माशाच्या तोंडाकडे पाहून निवडतात. जिताडा भक्ष्याला दातांनी पकडत नाही. तो जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. त्याच्या तोंडाचे छत कठीण हाडाचे असते, त्यामुळे बोथट टोक त्यावरून घसरते आणि पातळ तारेची गरी आत शिरण्याआधीच उघडू लागते. जिताड्यासाठी गरी जाड तारेची हवी, पण टोक सुईसारखे हवे. रावसाचे तोंड मऊ असते. तिथे जाड तारेची गरी मोठे भोक पाडते आणि मासा झटका देऊन सुटतो, म्हणून त्याला एक माप लहान आणि थोडी बारीक गरी बरी. दोन्ही मासे एकाच गरीवर घेण्याचा हट्ट धरला, तर दोन्हींच्या बाबतीत थोडी थोडी तडजोड करावी लागते.

मापासाठी रबराचा मासा गरीशेजारी धरून पाहावा. मी १० सेंटिमीटरचे रबर वापरतो. त्याच्या नाकाशी जिगचे डोके लावले, की गरीचे टोक पाठीतून पुढच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे मागे बाहेर यायला हवे. त्यासाठी ४/० किंवा ५/० बसते. साडेसात सेंटिमीटरच्या रबराला २/० ते ३/० पुरते. पण खरी गोष्ट पाहायची ती ही, की रबर चढवल्यावर पाठीपासून टोकापर्यंत मोकळी जागा किती उरते. पुष्कळ जण रबर न चढवताच माप ठरवतात. जाड पाठीचे रबर चढवले की ४/० ची गरीसुद्धा लहान पडते, कारण मासा चावतो तेव्हा रबर दबून टोकाच्या आड येते. करंगळीच्या जाडीइतकी जागा मोकळी राहिली तर मी ती गरी ठेवतो, नाहीतर एक माप वर जातो.

आता कोन. तुमच्या साच्याचा ९० अंशांचा डोळा डोक्याच्या वर असतो. होडीतून जिग सरळ खाली सोडून चिखलाच्या तळावर उचल-टाक करायची असेल, तर तो उत्तम चालतो, कारण प्रत्येक उचलीला डोके आडवे राहते आणि रबर तळाशी समांतर पोहते. तोच जिग जेट्टीवरून लांब फेकून दगडांतून ओढत आणला, की डोळा वर असल्याने डोक्याचे नाक खाली दबते आणि फटीत शिरते. तिथे ६० अंशांची गरी आणि डोळा पुढे असलेले टोकदार डोके हवे, कारण मग दोरी नाकाला वर खेचते आणि जिग दगडावरून घसरून येतो. तुमचे इतके जिग अडकून तुटतात, त्यामागे मला कोनच जास्त दिसतो. दोन साचे ठेवणे परवडत असेल तर ठेवा.

वजनाबद्दल एवढेच, की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला २८ ग्रॅमसुद्धा हलके पडते आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, १४ ग्रॅम पुरे होते. मात्र पुष्कळ साच्यांत १४ आणि २८ ग्रॅमला वेगवेगळ्या मापाची गरी बसते, तेव्हा साचा घेतानाच कोणत्या खाचेत कोणते माप बसते हे पाहून घ्यावे.

रबाळे_भट्टी यांचा प्रतिप्रश्न

आपल्या प्रश्नात ‘ते वाकवून साच्यात बसवले’ एवढाच उल्लेख आहे. दांडी थंड वाकवली की तापवून? तापवली असल्यास कशावर, कुठपर्यंत, आणि नंतर ती कशी थंड केली? हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य ठरणार नाही.

नेरूळ_जिग

थंड वाकवताना पहिले दोन गळ मोडले, म्हणून पुढचे सगळे गॅसच्या शेगडीवर तापवले. गळ लहान असल्याने दांडीच नव्हे तर अख्खा गळ लाल होत असे. लाल असतानाच पकडीने डोळ्याकडची बाजू वळवली. सुरुवातीचे गळ फरशीवर ठेवून आपोआप निवू दिले, नंतर उशीर होऊ लागला म्हणून उरलेले पाण्याच्या वाटीत टाकले. कोणता गळ कोणत्या पद्धतीचा, हे आता सांगता येणार नाही.

रबाळे_भट्टी यांचे उत्तर

आपल्या पहिल्या दोन्ही कोड्यांचे उत्तर याच चार वाक्यांत आहे. मी गेली अनेक वर्षे पोलादाच्या हीट ट्रीटमेंटचे काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गळ हा कोयत्यासारखाच असतो. लोहार कोयत्याला पाणी देतो, म्हणजे पाते लालबुंद तापवून एकदम थंड करतो, त्यामुळे पोलाद अतिशय कठीण पण ठिसूळ होते. मग तो ते पुन्हा बेताचे तापवून ठिसूळपणा काढतो. कारखान्यात गळाचेही असेच होते. आधी मऊ तारेला आकार देतात, मग लाल तापवून तेलात बुडवतात आणि शेवटी काही शे अंशांवर ठरावीक वेळ ठेवून त्याला लवचीकपणा आणतात. ही शेवटची पायरी फार नाजूक असते, कारण गळ ताणाखाली थोडा उघडावा आणि ताण सुटताच पुन्हा मिटावा, हा गुण त्याच पायरीत येतो. आपण गळ शेगडीवर पुन्हा लाल केला, तेव्हा कारखान्याने केलेले सगळे काम पुसले गेले. जे गळ फरशीवर सावकाश निवले त्यांचे पाणी उतरले आणि ते मऊ तार होऊन बसले. आपला जिताडा अशाच गळावर होता. जे गळ पाण्याच्या वाटीत गेले त्यांना कडक पाणी बसले, पण नंतरची पायरी झालीच नाही, म्हणून ते काचेसारखे तुटू लागले. गळाच्या वाणात खोट होती असे मला वाटत नाही.

आता उकळत्या शिशाबद्दल. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते साधारण ४०० अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत पोलाद बराच वेळ राहिले तर नक्कीच मऊ पडेल. पण पोलाद मऊ पडणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते, आणि ॲल्युमिनिअमच्या साच्यात शिसे काही सेकंदांत गोठते. त्या वेळात फक्त शिशाने वेढलेली दांडी तापते. वाक आणि टोक, म्हणजे ज्यांच्यावर मासा तोलायचा असतो ते भाग, साच्याबाहेर असतात. म्हणून ओतण्याने चांगला गळ बिघडत नाही. ओतण्याआधी गळ ज्योतीवर धरणे मात्र टाळावे. साचा गरम करायचा असल्यास दोन-चार डोकी गळाशिवाय ओतावीत, त्याने साचा पुरेसा तापतो. डोक्यावरचा पावडर पेंट भाजण्याची भीती बाळगू नये, कारण तो १७५ अंशांच्या आसपास भाजला जातो आणि त्या उष्णतेत गळाचे पाणी उतरत नाही.

गंजाच्या कड्याचे कारण वेगळे आहे. आपल्या गळांवरचा पांढरा मुलामा बहुधा कथिलाचा असावा, म्हणजे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तशातलाच. कथील २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे आपल्या गळांवरची कल्हई शेगडीवरच गेली. पण शेगडी मध्ये आली नसती तरी शिशाच्या स्पर्शाने दांडीच्या त्या भागावरचे कथील वितळून शिशात मिसळलेच असते. म्हणजे दांडी शिशातून बाहेर येते त्या रेषेवर पोलाद उघडे पडते. समुद्राच्या पाण्यात शिसे आणि पोलाद एकमेकांना चिकटून असले, की त्यांची बॅटरीसारखी जोडी जमते आणि त्या जोडीत झिजणारा धातू पोलाद असतो. त्यातच त्या फटीत खारे पाणी साचून राहते. म्हणून गंज इतरत्र न लागता नेमका तिथेच कडे धरून बसतो.

यावर उपाय असा. ओतण्याच्या जिगसाठी काळ्या निकेलचा मुलामा असलेला गळ घ्यावा, कारण निकेल १४५५ अंशांना वितळते आणि शिशाच्या उष्णतेने त्याला काहीही होत नाही. मात्र निकेलला चरा पडला तर त्या जागी पोलाद गंजतेच, म्हणून साच्यात गळ ठोकून बसवू नये. ओतल्यानंतर दांडी आणि शिसे यांच्या सांध्यावर एपॉक्सीचा पातळ हात फिरवावा, म्हणजे फटीत पाणी शिरत नाही. घरी आल्यावर जिग गोड्या पाण्यात धुऊन, कोरडे करूनच डब्यात ठेवावेत. एक गंजलेला जिग डब्यातल्या बाकीच्यांनाही ओल देतो. गंज काढण्यासाठी कोणी ॲसिडचा मार्ग सुचवला तर तो ऐकू नये, कारण ॲसिडमुळे सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो.

स्टेनलेसचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे सरळ देता येत नाही. मस्टाडचा ३४००७ हा स्टेनलेसचा गळ जगभर खाऱ्या पाण्यात वापरला जातो आणि गंजाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. पण १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेलच्या जातीचे स्टेनलेस तापवून कठीण करता येत नाही. तार ओढताना जेवढा कठीणपणा येतो तेवढाच त्यात असतो. त्यामुळे त्याच जाडीच्या चांगल्या कार्बन पोलादी गळापेक्षा तो लवकर उघडतो आणि दगडावर घासल्यावर त्याचे टोक लवकर बसते. स्टेनलेस घ्यायचाच असेल तर जाड तारेचा घ्यावा आणि कानस खिशात ठेवावी. माझे वैयक्तिक मत असे, की जो गळ दोरी तुटून माशाच्या तोंडात राहण्याची शक्यता बरीच आहे, तो कधी ना कधी गंजून झडणारा असावा. दिवाळ्याच्या दगडांत ही शक्यता नेहमीचीच आहे, म्हणून मी तिथे स्टेनलेस वापरत नाही.

तारेच्या जाडीचा हिशोब दोरीवरून करावा. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. रीलचा ड्रॅग (ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणारा ब्रेक) सहसा याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे अडीच-तीन किलोवर लावतात. तेव्हा तीन किलोच्या ताणाला जो गळ हललाही नाही तो आपल्याला पुरेसा आहे. त्याहून फार जाड घेतल्यास मध्यम रॉडने तो हाडात शिरणार नाही. पाकिटावर २एक्स किंवा ३एक्स लिहिलेले असते. तो आकडा तार नेहमीपेक्षा जाड असल्याचे सांगतो, पण प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असल्याने त्याच्यावर विसंबू नये. लाकडाच्या फळीत टोक रुतवून सामान तोलायच्या काट्याने गळ ओढून पाहावा. आणखी सोपी परीक्षा म्हणजे दांडी व्हाइसमध्ये धरून पकडीने टोकाची बाजू किंचित बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची. जागच्या जागी परत आला तर गळ चांगला, तसाच उघडा राहिला तर मऊ, आणि ‘टक्’ आवाज करून तुटला तर ठिसूळ. परीक्षा करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ठिसूळ गळाचा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

९० अंशांचे जिग-गळ तयार मिळतात, तेच मागवावेत. सरळ गळ घरी वाकवण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग मी आपल्याला सुचवू शकत नाही.

कोलशेत_किनारा यांचे उत्तर

वरचे उत्तर वाचून माझेही काही जुने जिग आठवले. गळांबद्दल मला भर घालायची नाही, पण ओतण्याबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांचे ओतकाम नेमके पावसाळ्यात निघते. ठाण्यात त्या दिवसांत कपाटातल्या वस्तूंनाही दमटपणा येतो. साच्याच्या खाचेत पाण्याचा एक थेंब असला, तरी शिसे पडताच त्याची वाफ होते, ती मूळ थेंबाच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि उकळते शिसे तोंडावर उडवते. माझ्या मनगटावर अशा शिंतोड्याचा डाग आहे. साचा, पळी आणि भट्टीत टाकायचा प्रत्येक शिशाचा तुकडा आधी कडकडीत कोरडा करावा. दुसरे असे, की हे काम राहत्या घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, अजिबात करू नये. शिशावर येणारी राखाडी मळी भुकटी होऊन हाताला, कपड्याला लागते आणि पोटात जाते. जुन्या बॅटरीचे शिसेही कधी वितळवू नये.

हलक्या जिगांसाठी शिशाऐवजी कथील वापरून पाहा, असेही सुचवतो. ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिथे आपण गळ टाकत नाही हे खरे, पण चिखलात अन्न शोधणारे पक्षी सगळ्या खाडीत उतरतात. इंग्लंडमध्ये राजहंसांना शिशाची विषबाधा होत असल्याचे दिसल्यावर १९८७ पासून गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. कथील शिशापेक्षा हलके असल्याने त्याच साच्यात २१ ग्रॅमचे डोके साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे भांगाच्या दिवसाला ते नेमके बसते. ते २३२ अंशांना वितळत असल्यामुळे गळालाही कमी ताप होतो. महाग पडते, हे मान्य आहे.

नेरूळ_जिग

सर्वांचे मनापासून आभार. रबाळ्याच्या दादांनी सांगितलेली व्हाइसची परीक्षा काल केली. माझ्याकडे उरलेल्या अकरा जिगांपैकी सात गळ उघडले ते उघडेच राहिले आणि चार तुटले. एकही परत आला नाही. म्हणजे मी चोवीसच्या चोवीस गळ स्वतःच्या हाताने बाद केले होते.

काळ्या निकेलचे, ९० अंशांचे ४/० आणि ५/० असे दोन मापांचे गळ मागवले होते, ते आज आले. त्यातला एक व्हाइसमध्ये धरून ओढला, तर टोक साधारण दोन मिलिमीटर बाहेर आले आणि सोडताच जागेवर गेले. तीन किलोच्या ताणालाही वाक उघडला नाही. दिवाळ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे रबर चढवून पाहिले, तर माझ्या जाड पाठीच्या रबरावर ४/० चे टोक जेमतेम मोकळे राहते आणि ५/० वर करंगळी आरामात बसते. २८ ग्रॅमच्या खाचेत ५/० ची दांडी न ठोकता बसली, १४ च्या खाचेत नाही, म्हणून १४ साठी ४/० आणि बारीक रबर असे ठरवले आहे.

घरातले ओतकाम बंद केले. मित्राच्या तुर्भ्याच्या शेडमध्ये, दार उघडे ठेवून, जुने जिग वितळवले. तोडलेले गळ आत बुडतील आणि शोधत बसावे लागेल असे मला वाटले होते, पण पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने ते एकेक करून वर तरंगत आले आणि सांडशीने उचलता आले. त्या शिशातून कोरड्या साच्यात २८ ग्रॅमचे नऊ जिग निघाले आहेत. सांध्यांवर एपॉक्सी लावून ते वाळत ठेवले आहेत आणि येत्या अमावास्येच्या उधाणाला होडीतून ते सोडून पाहणार आहे. जेट्टीसाठी ६० अंशांच्या साच्याचा शोध सुरू केला आहे.